अल कपोनची कबर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोला पाहुणे आले की पहिले दोन दिवस बीन, नेव्ही पिअर आणि तळ्याकाठी जातात. मग लेमाँटचं राममंदिर आणि अरोराचा बालाजी होतो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारतंच, "तो अल कपोन इथलाच ना? त्याची कबर कुठं आहे?" म्हणजे १९२० च्या दशकातला इथला कुप्रसिद्ध टोळीप्रमुख. मी पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. गेल्या काही वर्षांत पाहुण्यांना घेऊन पाच-सहा वेळा तिथं जाऊन आले, त्यात एकदा माझ्या आईबाबांना घेऊन. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं एकदा लिहूनच काढावीत म्हणून हे लिहिलं आहे.

कबर नेमकी कुठं आहे?

शिकागो शहरात नाही. शहराच्या पश्चिमेला हिलसाइड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या माउंट कार्मेल या कॅथलिक दफनभूमीत आहे. वुल्फ रोड आणि रुझवेल्ट रोड जिथं एकमेकांना छेदतात, त्या चौकाला लागून ही दफनभूमी आहे. १९०१ साली सुरू झालेली ही जागा दोनशे एकरांहून मोठी आहे आणि तिथं दोन लाखांहून जास्त माणसं पुरलेली आहेत. आजही तिथं दफनविधी होतात. हे आधीच सांगते, कारण पाहुण्यांच्या डोक्यात बरेचदा संग्रहालयाचं चित्र असतं. तिकीट नाही, रांग नाही, पाटी नाही, गाइड नाही.

कसं जायचं?

गाडी असेल तर आयझेनहॉवर एक्सप्रेसवे म्हणजे २९० धरायचा. डाउनटाउनपासून साधारण १५ मैल. नेपरव्हिल, ओक ब्रुक, लोम्बार्डकडे राहणाऱ्यांना शहरातून घरी येताना वाटेतच आहे. गाडी नसेल तर ब्लू लाइन या मेट्रोनं शेवटच्या फॉरेस्ट पार्क स्टेशनवर उतरून रुझवेल्ट रोडनं जाणारी पेस या उपनगरी सेवेची बस घ्यावी लागते. वेळापत्रक त्या दिवशीच पाहून निघा, रविवारचं आणि सणासुदीचं वेगळं असतं. गेट संध्याकाळी बंद होतं, तेव्हा दुपारी चारनंतर निघायचा बेत करूच नका.

आत गेल्यावर कबर कशी शोधायची?

रुझवेल्ट रोडकडच्या गेटनं आत शिरा. कबर त्या गेटपासून लांब नाही, पस्तीस नंबरच्या विभागात आहे. आतल्या रस्त्यानं अगदी हळू गाडी चालवत "कपोन" अशी मोठी अक्षरं कोरलेला करडा ग्रॅनाइटचा उभा दगड शोधायचा. दगडाच्या बाजूला झुडपं असतात. ती वाढलेली असली की नाव गाडीतून दिसत नाही, आणि माझ्या पहिल्या खेपेला आम्ही त्याच्यासमोरून दोनदा पुढं गेलो होतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावा, चाक गवतावर चढवू नका, गवताखाली कबरी आहेत.

आता महत्त्वाचं. तो मोठा दगड अल कपोनचा नाही, सगळ्या कुटुंबाचा आहे. त्याचा स्वतःचा दगड खाली, जमिनीलगत आहे. आईवडिलांच्या आणि भावांच्या दगडांच्या रांगेतला एक. मोठ्या दगडासमोर फोटो काढून बरेचजण परत फिरतात आणि ज्याच्यासाठी आले त्याच्या दगडाकडं त्यांचं लक्षही जात नाही.

दगडावर काय लिहिलं आहे?

नाव, १८९९–१९४७, आणि खाली तीन इंग्रजी शब्द, ज्यांचा अर्थ "माझ्या येशू, दया कर". पुष्कळांना वाटतं की हे शब्द खास त्याच्या पापांकडं पाहून कोरले. तसं नाही. ही कॅथलिकांची जुनी, छोटी प्रार्थना आहे, आपण मरणाच्या दारात रामनाम घ्यावं तशी. साध्या, कष्टकरी माणसांच्या दगडांवरही ती असायची. मला हेच जास्त लागलं. आयुष्यभर कुणापुढं न वाकलेल्या माणसाच्या घरच्यांनी शेवटी त्याच्यासाठी तेच मागितलं, जे शेजारच्या गवंड्याच्या किंवा न्हाव्याच्या बायकोनं मागितलं असतं. आणि त्याचे वडील गॅब्रिएले खरंच न्हावी होते. नेपल्सजवळच्या गावातून ब्रुकलिनला आलेलं कुटुंब.

दगडाजवळ नाणी, सिगार, बाटल्या का असतात? आपण काही ठेवावं का?

लोक ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा दगडाच्या कडेला एक-एक सेंटची नाणी होती, प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेला सिगार होता आणि विमानात देतात तेवढी व्हिस्कीची रिकामी बाटली. पावसानं नाण्यांखाली हिरवट डाग पडले होते. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा काय नवस बोलायचा देव आहे का?"

माझं उत्तर स्पष्ट आहे: काही ठेवू नका. फूल ठेवावंसं वाटलं तर ठेवा, तेही कुणाच्याही कबरीवर ठेवता येतं. दारू, सिगार, नाणी हे सगळं तिथल्या कामगारांना उचलावं लागतं. आणि तिथून काही उचलून आणायचं तर मनातही आणू नका, खडासुद्धा नाही.

त्याची कबर दुसरीकडे आहे असंही वाचलं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. २५ जानेवारी १९४७ ला फ्लोरिडात, मायामी बीचजवळच्या पाम आयलंडवरच्या घरात तो वारला. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत त्याला शिकागोच्या दक्षिणेकडच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत पुरलं. वडील आणि भाऊ फ्रँक तिथंच होते. बघ्यांचा त्रास होऊ लागला तेव्हा १९५० साली कुटुंबानं सगळ्यांचे अवशेष माउंट कार्मेलला हलवले. बघ्यांना चुकवण्यासाठी हलवलेल्या कबरीकडं आपण निघालो आहोत, एवढं लक्षात असलं की तिथं कसं वागायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

चर्चनं अशा माणसाला आपल्या भूमीत कशी जागा दिली?

त्या काळात शिकागोच्या चर्चनं कितीतरी गुंडांना अंत्यविधी नाकारले. कपोनचा वैरी डीन ओबॅनियन १९२४ च्या नोव्हेंबरात स्वतःच्याच फुलांच्या दुकानात मारला गेला. दुकान होली नेम कॅथीड्रलच्या समोरच, तरी त्याला चर्चचा विधी मिळाला नाही. कपोनसाठीही मोठी प्रार्थनासभा झाली नाही. कबरीपाशी छोटासा विधी झाला, कारण मरताना त्यानं धर्माचे शेवटचे संस्कार घेतले होते.

तो गोळी लागून मेला ना?

नाही. वय ४८, पक्षाघाताचा झटका, मग न्यूमोनिया, मग हृदय बंद पडलं. मूळ दुखणं होतं तरुणपणी जडलेला सिफिलिस. वेळेवर उपचार झाले नाहीत आणि तो मेंदूपर्यंत गेला. १९४६ साली त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते त्याची समज बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली होती. पाहुण्यांमधल्या तरुण मुलांना हे ऐकून धक्का बसतो, त्यांना बंदुकांचा शेवट हवा असतो.

बरोबरच्या मुलांना तो कोण होता हे कसं सांगायचं?

मी दारूबंदीपासून सुरुवात करते. १७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी अल कपोन एकवीस वर्षांचा झाला. त्याच सुमारास तो टोळीवाला जॉनी टोरिओ याचा हस्तक म्हणून शिकागोला आला, १९२५ मध्ये टोरिओ बाजूला झाल्यावर सगळा कारभार त्याच्या हाती आला. चोरटी दारू, जुगार, वेश्यागृहं, वर पोलीस आणि पुढाऱ्यांना हप्ते. दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, तोवर तो तुरुंगात पोचला होता.

आपल्याला हे समजायला जड नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत काय झालं ते आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलं आहे. "परमिट रूम" ही पाटी त्याच कायद्याची खूण, आजही गावोगावी दिसते.

माझे बाबा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर हातभट्ट्यांवर धाडी घातल्या, रसायनाची पिंपं फोडली. गूळ आणि नवसागराचा तो आंबूस वास त्यांच्या खाकी पँटला यायचा आणि आई ती वेगळी भिजवायची. कपोनच्या दगडासमोर उभं राहून मी त्यांना त्याच्या आलिशान गाड्यांचं, हॉटेलातल्या मजल्यांचं सांगत होते. त्यांनी मधेच विचारलं, "माल कुठला असायचा?" मी सांगितलं की बरीचशी बाहेरून चोरून आणलेली, काही इथं गाळलेली, आणि काही कारखान्यांसाठीच्या अल्कोहोलपासून केलेली. पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात सरकारी हुकमानं मिथेनॉल घातलेलं असायचं. चोरटे ते पुन्हा गाळून विकत, आणि विष पुरतं निघत नसे.

मिथेनॉल हा शब्द ऐकला आणि बाबांचा चेहरा बदलला. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा ते निवृत्त होते, तरी दिवसभर टीव्हीसमोरून हलले नव्हते. म्हणाले, "आधी डोळे जातात. माणूस म्हणतो लाइट गेली का. लाइट असते." मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि गाडीकडं चालू लागले. तेव्हापासून मी मुलांना गाड्यांचं आणि हॉटेलचं सांगत नाही, हे सांगते.

पण तो गरिबांना मोफत जेवण द्यायचा ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, आणि विचारताना आवाजात थोडं कौतुक असतं. हो, मंदीच्या काळात, १९३० च्या शेवटी, साउथ स्टेट स्ट्रीटवर त्यानं सूपगृह उघडलं आणि हजारो बेकार माणसं तिथं जेवली. भुकेल्या माणसाला मिळालेलं सूप खरंच होतं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तेव्हा त्याच्यावर आयकराचा फास आवळत चालला होता आणि वर्तमानपत्रांत चांगला फोटो येणं त्याच्या गरजेचं होतं. आपल्या गल्लीतल्या दादानं गणपतीच्या मंडळाला दिलेली जाडजूड वर्गणी आठवा. मांडव छान होतो, आरतीला गर्दी होते. आणि त्याच गल्लीतला किराणावाला दर महिन्याला त्याच दादाला हप्ता देत असतो. पैसा त्याच गल्लीतून निघालेला असतो.

आणि ज्याला दाता म्हणायचं त्याच्याच टोळीवर १४ फेब्रुवारी १९२९ च्या सकाळचा ठपका आहे. नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मशीनगननं मारलं. मारेकऱ्यांतले दोघं पोलिसांच्या वेषात होते. मेलेल्यांत एक चष्म्याचा डॉक्टर होता, टोळीवाल्यांच्या संगतीचं आकर्षण असलेला. एक गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, पोराबाळांचा बाप. त्याचा कुत्रा तिथंच बांधलेला होता, तो वाचला आणि त्याच्या विव्हळण्यानं शेजाऱ्यांना संशय आला. कपोन त्या दिवशी फ्लोरिडात होता. या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

मग त्याला पकडलं कसं?

हिशेबानं. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की बेकायदा कमाईवरही आयकर लागतो. मग फ्रँक विल्सन आणि त्याच्या आयकर खात्यातल्या सहकाऱ्यांनी जुगाराच्या अड्ड्यांवरच्या जप्त वह्या पानं-पानं तपासून कमाई त्याच्यापर्यंत जोडली. खटल्याच्या वेळी ज्युरी फोडायचा डाव कळताच न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी आयत्या वेळी अख्खी ज्युरीच बदलली. ऑक्टोबर १९३१ मध्ये ११ वर्षांची कैद आणि ५०,००० डॉलर दंड. आधी अटलांटाचा तुरुंग, मग १९३४ पासून अल्काट्राझ बेटावरचा. १९३९ च्या नोव्हेंबरात सुटला. दारूबंदी खात्यातला एलियट नेस आणि त्याच्या पथकाचं नाव जगभर झालं, त्यांनी दारूचे कारखाने फोडलेही, पण शिक्षा झाली ती वह्या वाचणाऱ्यांच्या कामामुळं. बाबांना हा भाग फार आवडला. दोन वेळा सांगायला लावला.

याच गोष्टीचा एक धागा तुमच्या तिकिटावरही आहे. कपोनच्या कुत्र्यांच्या शर्यतींचा धंदा सांभाळणारा एडवर्ड ओहेअर नावाचा वकील आयकरवाल्यांना आतली माहिती देत होता. कपोन सुटायच्या आठवडाभर आधी, ८ नोव्हेंबर १९३९ ला, त्याला चालत्या गाडीत गोळ्या घालून मारलं. त्याचा मुलगा बुच ओहेअर नौदलाचा वैमानिक झाला. १९४२ मध्ये पॅसिफिकवर त्यानं जवळजवळ एकट्यानं जपानी बाँबफेकी विमानांचा ताफा अडवला, त्यासाठी त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो लढाईत गेला. मुंबईहून येणारे आपले आईवडील ज्या ओहेअर विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून बाहेर येतात, त्याला नाव त्या मुलाचं आहे.

आईवडील कबरस्तानात यायला कचरतात. काय करावं?

आग्रह करू नका. आमच्याकडंही आदल्या रात्री सुतक, आंघोळ, "परक्या शहरात कशाला मेलेल्यांच्या दारी" यावर बोलणं झालंच. मी एवढंच सांगितलं की ही जागा बागेसारखी आहे, गाडीतूनही दिसते, आणि घरी गेल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करता येईल. आई गाडीत बसणार होती. पण गाडी थांबली तसा तिला शेजारच्या एका दगडावर बसवलेला अंडाकृती चिनीमातीचा फोटो दिसला, डोक्याला रुमाल बांधलेली इटालियन म्हातारी. आई उतरली आणि पुढचा अर्धा तास तीच आम्हाला फोटो दाखवत फिरत होती.

आणखी काय पाहण्यासारखं आहे?

पुष्कळ. टेकाडावर दिसणारी मोठी इमारत बिशपांची समाधी आहे. शिकागोचे बिशप आणि आर्चबिशप तिथं आहेत, १९९६ साली गेलेले कार्डिनल बर्नार्डिनही. टोळीवाल्यांपैकी ओबॅनियन, हायमी वाइस, फ्रँक निटी, जॅक मॅकगर्न, आणि पुढच्या पिढीतला सॅम जियांकाना याच आवारात आहेत. जिवंतपणी एकमेकांच्या जिवावर उठलेले. नावांची यादी घेऊन एकेक कबर टिपत फिरायची हौस मला नाही, कुणाला असेल तर त्यांनी दफनभूमीच्या कार्यालयात विचारावं.

मी पाहुण्यांना आवर्जून नेते ते "इटालियन नवरी"कडं. ज्युलिया बुकोला पेट्टा १९२१ साली बाळंतपणात गेली, वय २९. लग्नाच्या पोशाखात तिला पुरलं. आईच्या, फिलोमेनाच्या, स्वप्नात ती येऊ लागली, आणि सहा वर्षांनी आईनं कबर उघडायला लावली. तेव्हाचा फोटो दगडावर आहे, चेहरा ओळखू येण्यासारखा. वर नवरीच्या वेषातला तिचा पूर्णाकृती पुतळा. सहा वर्षं एकच गोष्ट मागत राहिलेल्या त्या आईपुढं कपोनचं काहीच आठवत नाही.

फोटो, रील, ड्रोन?

स्वतःसाठी फोटो काढायला हरकत नाही. दगडावर बसून, पाय ठेवून किंवा बोटांची बंदूक करून काढू नका. ड्रोन तर नाहीच. जवळपास दफन चालू असेल तर फोन खिशात ठेवून शांत उभं राहा. दिवे लावलेल्या गाड्यांची रांग दिसली तर ती प्रेतयात्रा असते, तिच्या मधे गाडी घालू नका.

कुठल्या ऋतूत जावं?

मे ते ऑक्टोबर. जमिनीलगतचे दगड बर्फाखाली पूर्ण झाकले जातात, जानेवारीत गेलात तर नुसता कुटुंबाचा मोठा दगड दिसेल आणि कान गोठतील. ऑक्टोबरच्या मध्यावर झाडं पिवळी-लाल झालेली असतात, माझ्या मते तोच उत्तम काळ.

शहरातल्या त्याच्या इतर जागा पाहाव्यात का?

फारसं उरलेलं नाही. हत्याकांडाचं गॅरेज १९६७ साली पाडलं, तिथं आता हिरवळ आहे. त्याचा मुक्काम असलेलं लेक्सिंग्टन हॉटेल १९९० च्या दशकात पाडलं. साउथ प्रेअरी अव्हेन्यूवरचं घर उभं आहे, पण ते खाजगी आहे. दारात गाडी उभी करून कुणाच्या खिडकीत डोकावू नका.

किती वेळ ठेवावा?

कपोनपाशी दहा मिनिटं पुरतात. तरी दीड तास ठेवा आणि त्यातला थोडा वेळ रस्त्यापलीकडच्या क्वीन ऑफ हेवन दफनभूमीसाठी राखा. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत आग लागली. ९२ मुलं आणि ३ नन गेल्या. त्यातल्या काही मुलांना तिथं शेजारी-शेजारी पुरलं आहे आणि त्यांचं स्मारक आहे. त्या आगीनंतर अमेरिकेतल्या शाळांचे अग्निसुरक्षेचे नियम बदलले. आपल्या नातवंडांच्या शाळेत महिन्या-दोन महिन्यांनी भोंगा वाजतो आणि मुलं रांगेत मैदानावर येऊन उभी राहतात, त्यामागं ती मुलं आहेत. तिथं गेलो त्या दिवशी बाबांकडं फूल नव्हतं. आईनं घरून प्रवासासाठी घेतलेल्या डब्यातले दोन लाडू काढले, मग इथं खाण्याचं ठेवू नये हे आठवून परत ठेवले, आणि दोघं हात जोडून उभे राहिले.